फीजोआ गाळताना

न्यूझीलंडमध्ये स्वतःच्या पिण्यापुरती दारू घरी गाळायला 1996पासून कायद्याची आडकाठी नाही. विकली तर गुन्हा. ही ओळ सगळ्यात आधी लिहितो, कारण आता ज्या भट्टीबद्दल सांगणार आहे ती महाराष्ट्रात माझ्या घरात सापडली असती, तर दारूचा थेंबही न गाळता, नुसतं साहित्य बाळगलं म्हणून 1949च्या दारूबंदी कायद्याखाली मला उचललं असतं. भारतात बसून कुणी हे वाचत असेल तर वाचण्यापुरतंच ठेवावं.

आमचं गाव दोडामार्गाकडचं. मोसमात काजूची बोंडं सीमेपलीकडे गोव्यात गेली की त्यांची हुर्राक (पहिल्या गाळपाची हलकी दारू) आणि फेणी होते, अलीकडे राहिली की बागेतच कुजतात. फेणीला 2009मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, 2016मध्ये गोवा सरकारने तिला वारसा पेय म्हटलं, आणि ओहोळाच्या या बाजूला तोच रस आंबवला की आजही ‘रसायन’, म्हणजे गाळायच्या तयारीतलं आंबवण, म्हणून पोलिसांकडून ओतून टाकला जातो. त्यामुळे व्हिडिओ कॉलवर गॅरेजमधलं चकचकीत नळकांडं पाहून आई आधी गप्प झाली आणि मग म्हणाली, “इतक्या शिकलंस आनी थंय जावन दारू गाळतंस?” इथे चालतं म्हटलं, तर म्हणाली, “चालता तर चालता, पन हंय कोनाक सांगू नको.”

खरं तर दारूपेक्षा आधी फळ आलं. फीजोआ. दक्षिण अमेरिकेतलं झाड, पण न्यूझीलंडच्या उत्तर बेटावर असं रुजलंय की परसात एक तरी असतंच. पेरू, जांभूळ, लवंग यांच्याच कुळातलं. अंडाकृती हिरवं फळ, आतला गर किंचित रवाळ, आडवं कापून चमच्याने खायचं. वासात पेरू आहे, अननस आहे आणि जरासं औषधही आहे. एप्रिल-मे महिन्यांत ही फळं पिकून आपोआप खाली पडतात, आणि एकदा पडायला लागली की थांबत नाहीत. लोक पिशव्या भरून फाटकाबाहेर ठेवतात, ‘फुकट, न्या’ अशी पाटी लावून. ऑफिसात खोकी येतात. जॅम, चटणी, केक सगळं करून झालं तरी गवतावर सडा असतोच. बोंडांच्या गावातून आलेल्या माणसाला तो सडा बघवत नाही.

बाजारात तयार भट्ट्या मिळतात, किंमतही अगदी परवडणार नाही अशी नाही. पण एकसंध भट्टी घेतली की ती एकच काम करते. मला काय हवं आहे हेच नीट ठरलेलं नव्हतं, म्हणून तुकड्यांची भट्टी बांधायची ठरवली. तळाला पन्नास लिटरचा स्टेनलेस स्टीलचा केग, म्हणजे बिअरचं बंद पिंप. (तो विकत घ्यावा. गल्लीबोळात बेवारस दिसणारे केग बहुतेक वेळा बिअर कंपन्यांच्या मालकीचे असतात.) त्याच्या तोंडावर दोन इंची फेरूल, म्हणजे बाहेर वळलेल्या काठाचं कडं, आणि वरचा प्रत्येक तुकडा त्याच मापाच्या ट्राय-क्लॅम्पने जोडायचा. दूध आणि बिअरच्या कारखान्यांत हीच जोडणी वापरतात: दोन फेरूल समोरासमोर, मध्ये गॅस्केट, बाहेरून बिजागरीचा पट्टा, एका चाकीने आवळायचा. हत्याराची गरज नाही. गॅस्केट मात्र टेफ्लॉनचंच घेतलं. गरम अल्कोहोलची वाफ बऱ्याच रबरांना मऊ करते आणि त्यांचा वास घेऊन पुढे जाते.

तुकडे असे होते. एक तीस सेंटीमीटरचा आणि एक पन्नासचा सरळ कॉलम (वाफ वर नेणारी उभी नळी), दोन्ही तांब्याच्या दोन इंची नळीचे. त्यांत भरायला तांब्याची विणलेली जाळी आणि स्टीलच्या तारेच्या बारीक वेटोळ्यांचं पॅकिंग. वर रिफ्लक्स कंडेन्सर, म्हणजे वाफेच्या वाटेत आडव्या घातलेल्या पाण्याच्या नळ्या. त्यातून पाणी सोडलं की वर आलेली वाफ तिथेच थिजून परत खाली टपकते. त्याच्यावर थर्मामीटरचं टोपण आणि बाजूला उतरणारा हात. हाताच्या शेवटी माल थंड करणारा कंडेन्सर: आत अर्ध्या इंची नळी, बाहेर पाऊण इंचीचं कवच, दोहोंच्या मधून पाणी. शिवाय एक साधा तांब्याचा घुमट टोपही करून घेतला, कॉलम न लावता थेट केगवर बसेल असा.

तांबं शोभेसाठी नाही. आंबवताना यीस्ट गंधकाची संयुगं सोडतं, त्यांना उकडलेल्या कोबीसारखा किंवा नासक्या अंड्यासारखा वास असतो, आणि तप्त तांबं ती धरून ठेवतं. प्रत्येक वेळेनंतर जाळी काळवंडलेली निघते ती त्यामुळेच. सायट्रिक आम्लाच्या पाण्यात बुडवली की पुन्हा गुलाबी होते.

डाख देताना शिशाचा वापर अजिबात नाही, कथील आणि चांदीचा डाख. हे काम मला आवडलं, जरा जास्तच आवडलं. नळीच्या दोन्ही कडा घासून चमकावायच्या, फ्लक्स, म्हणजे डाख धरायला मदत करणारा लेप, लावायचं, बर्नरची ज्योत डाखावर न धरता तांब्यावर धरायची, आणि तांबं पुरेसं तापलं की डाख स्वतःहून फटीत ओढला जातो. तो क्षण बघण्यासाठी मी नको तिथेही दोन सांधे वाढवले असतील. वीज मात्र परवाना असलेल्या इलेक्ट्रिशियनकडून करून घेतली: 2400 वॉटची बुडती कॉइल, तिला अर्थिंग, आणि शक्ती कमी-जास्त करणारा कंट्रोलर. गॅसची शेगडी वापरणारे लोक आहेत. मी त्यांच्या गॅरेजात उभा राहणार नाही. अल्कोहोलची वाफ हवेपेक्षा जड असते, जमिनीलगत पसरते, आणि शुद्ध अल्कोहोलची वाफ वीस अंशांच्या खालीसुद्धा ठिणगीवर पेट घेते. ज्या दाराजवळ भट्टी त्या दाराशीच आग विझवायचं नळकांडं, दार पूर्ण उघडं, आणि मालाच्या वाटेवर कुठेही झडप नाही. शेवटचं तोंड हवेला सदैव मोकळं असलं पाहिजे. ते बंद झालं तर भट्टीचा बॉम्ब होतो.

पाण्याचा हिशेब मात्र बसून केला. इथे मीटरचं पाणी विकत असतं, आणि कंडेन्सरमधून नळ सोडून ठेवणं म्हणजे चैन. छपराचं पावसाचं पाणी साठवलेलं दोनशे लिटरचं पिंप आणि छोटा पंप लावला. दोन किलोवॉटची उष्णता चार तास या पाण्यात जात राहिली तर ते साधारण चौतीस अंशांनी तापतं. म्हणजे सकाळी सोळा अंश असलेलं पाणी दुपारी पन्नासला. तेवढ्यात काम उरकतं, आणि नंतर ते पाणी भांडी-बाटल्या धुवायला जातं.

पहिल्यांदा चालवली ती पिण्यासाठी नव्हे. आधी व्हिनेगर आणि पाणी उकळून वाफ सगळ्या तुकड्यांतून काढली, मग स्वस्त साखरेचं रसायन गाळून तो सगळा माल ओतून दिला. फ्लक्सचा उरलेला अंश, कारखान्यातलं यंत्रतेल, हे सगळं त्यात निघून जातं. याच वेळी थंड आरसा प्रत्येक सांध्यापाशी धरून बघितला. एका ठिकाणी धुकं धरलं, चाकी अर्धा फेरा आवळली, थांबलं. गोव्यातल्या जुन्या भट्ट्यांवर भाणाचे, म्हणजे गाळायच्या हंड्याचे, सांधे वारुळाची माती आणि फडकं लावून बुजवतात. इथले जुने लोक पिठाची कणीक लावतात. माझ्या टेफ्लॉनच्या चकत्यांमागे अक्कल तीच, फक्त महाग.

आता फळाचं. पिकून पडलेली, पण कुजलेली नव्हेत, अशी फीजोआ धुऊन, सालीसकट चिरडून निळ्या खाद्यदर्जाच्या पिंपात घातली. सालीत कडवटपणा आहे, पण वासही बराचसा तिथेच आहे. साखर मिसळली नाही. साखर घातली की अल्कोहोल वाढतो आणि फळ पातळ होतं. गोडी माझ्या मापात 11 ब्रिक्सच्या (रसातल्या साखरेचं शेकडा प्रमाण) आसपास भरली, म्हणजे आंबून सहा टक्क्यांच्या जवळपास. वाईनचं यीस्ट, थोडं यीस्टचं खाद्य, वर एअरलॉक, म्हणजे आतला वायू सोडणारं पण हवा आत न घेणारं बूच. दोन दिवसांत लगदा तरंगून जाड टोपी झाली, ती रोज ढवळून खाली दाबत राहिलो, नाहीतर वरून व्हिनेगर व्हायला लागतं. गॅरेजमध्ये वास असा की मुलीने मैत्रिणींना घरी आणणं बंद केलं.

लगदा सुटा व्हावा म्हणून अनेकजण पेक्टिनेझ नावाचं विकर टाकतात. मी टाकलं नाही, आणि याचं कारण मिथेनॉल. त्याबद्दल आपल्याकडे भीती आहे आणि ती उगाच नाही. 2015च्या जूनमध्ये मालाडच्या मालवणीत विषारी दारूने शंभरावर माणसं गेली. पण ते मिथेनॉल आंबवण्यातून आलेलं नव्हतं, ते औद्योगिक मिथेनॉल होतं. नुसत्या साखरेच्या रसायनात ते जवळजवळ तयार होत नाही. फळात पेक्टिन असतं, पेक्टिन तुटताना मिथेनॉल सुटतं, आणि पेक्टिनेझमुळे ते तुटणं वाढतं. पहिला पेला फेकला की सगळं मिथेनॉल गेलं, ही समजूत घरी गाळणाऱ्यांत सगळीकडे आहे आणि ती चुकीची आहे. मिथेनॉल 64.7 अंशांना उकळतं आणि इथेनॉल 78.4ला, हे सुट्या बाटल्यांतलं झालं. पाण्यात मिसळलेलं असताना ते पूर्ण धारभर थोडं थोडं येत राहतं. म्हणून युरोपीय संघानेही फळांच्या दारूला शुद्ध अल्कोहोलच्या दर हेक्टोलिटरमागे, म्हणजे शंभर लिटरमागे, साधारण 1000 ग्रॅम अशी वरची मर्यादा घातली आहे, शून्याची अट घातलेली नाही. उपाय सुरुवातीलाच करायचा: पेक्टिनेझ नको, सडकी फळं नकोत, आणि आंबून झालं की लगदा कापडातून पिळून फक्त रस केगमध्ये घालायचा. पिळण्याने हात दोन दिवस चिकट राहिले. दुसरा फायदा असा की गर कॉइलला लागून करपत नाही. एकदा करपलेला वास मालात उतरला की कुठल्याही कॉलमने तो जात नाही.

आधी सगळा रस नुसता घुमट टोप लावून भराभर गाळून घेतला. याला स्ट्रिपिंग म्हणतात: निवड नाही, घाई फक्त. पस्तीस लिटर रस उकळी यायला सव्वा तास लागतो. केगमध्ये आधी सळसळ होते, मग टोप हाताला सोसेनासा होतो, आणि मग अचानक, काही कळायच्या आत, उतरत्या हाताची नळी टोकापर्यंत गरम होते. पहिला माल चाळीस टक्क्यांच्या आसपास येतो आणि उतरत जातो. वाफ 99 अंशांपाशी गेली की बंद. दोनशे लिटर रसाचे असे चाळीसेक लिटर झाले, पंचवीस-सव्वीस टक्क्यांचे, गढूळ, आंबूस. या पातळ मालाचे मी मुद्दाम दोन सारखे भाग केले, कारण मला एकाच फळावर दोन जुळण्या बघायच्या होत्या.

पहिल्या भागाला सगळं सैन्य लावलं. दोन्ही कॉलम, जाळी, पॅकिंग, वर रिफ्लक्स. रिफ्लक्स कॉलम म्हणजे वाफेला घातलेला जिना: प्रत्येक पायरीवर जड ते थिजून खाली येतं, हलकं ते वर सरकतं. सुरुवातीचा तासभर काहीच काढायचं नाही, सगळी वाफ परत खाली पाठवायची, म्हणजे कॉलममध्ये थर लागतात. वरचा थर्मामीटर स्थिरावला. आकड्यापेक्षा त्याचं न हलणं महत्त्वाचं, कारण हवेचा दाब वीस हेक्टोपास्कलने उतरला तरी उकळबिंदू अर्धा अंश खाली येतो, आणि इथे आभाळ दिवसातून तीनदा बदलतं. मग थेंब थेंब करत सुरुवातीचा वाईट माल काढला. नेलपॉलिश काढायच्या द्रवासारखा वास, तो इथाइल अ‍ॅसिटेटचा. आणि मग तासन्‌तास 93 टक्क्यांची एकसारखी धार. पॅरटमध्ये, म्हणजे मालाच्या वाटेवरच्या त्या वाकड्या तोंडाच्या भांड्यात, अल्कोहोलची टक्केवारी दाखवणारा हायड्रोमीटर खिळल्यासारखा उभा.

पाणी घालून 42 टक्क्यांवर आणून चाखली. उत्तम व्होडका. स्वच्छ, गुळगुळीत. फीजोआ? कणभर नाही. शंभर लिटर फळाचा रस, पिळलेले हात, आणि साखरेच्या रसायनातून आली असती तीच वस्तू.

याचं कारण रसायनशास्त्रात आहे आणि मला ते आधी कागदावर माहीत होतं, जिभेवर नव्हतं. फीजोआच्या वासात मेथिल बेंझोएटचा मोठा वाटा आहे, आणि ते 199 अंशांना उकळतं. पाणी जास्त आणि अल्कोहोल कमी असताना ते वाफेबरोबर सहज वर येतं. पण वाफ जितकी जोरकस होते तितकं ते द्रवातच राहणं पसंत करतं. नव्वद टक्क्यांच्या कॉलममध्ये त्याला वर जागा मिळत नाही, खालच्या पायऱ्यांवरून परत ढकललं जातं. म्हणजे माझे दोन्ही कॉलम फळाचा वासही कचराच समजून बाजूला काढत होते, आणि ते त्यांचं काम चोख करत होते.

दुसरा भाग नुसत्या घुमट टोपाने, एक किलोवॉटवर सावकाश. इथे धार एकसारखी नसतेच. तीनशे मिलीच्या बरण्या ओळीने मांडल्या, प्रत्येकीवर नंबर आणि टक्केवारी. पहिल्या पेल्याला फेकायचंच. आपल्याकडे पहिल्या धारेचं एवढं कौतुक असतं, आणि जोर त्यात असतोच, पण घशाखाली टोचतं तेही त्यातच असतं. पुढच्या एक-दोन बरण्या अजून हिरवट, झोंबऱ्या. मग चौथी-पाचवी, 70 टक्क्यांच्या आसपास, आणि तिथे फळ उघडलं. गॅरेजचं दार सताड उघडं असूनही वास खोलीत थांबला. साठच्या खाली येऊ लागलं तसा वास गडद झाला, सालीकडे झुकला. पन्नासच्या खाली ओला पुठ्ठा, ओलं कुत्रं. गंमत अशी की ज्या बरण्यांत फीजोआ सर्वांत जास्त होता त्यांच्या शेजारच्याच बरणीत ओला पुठ्ठाही होता. सीमा तिथेच कुठेतरी काढायची असते.

ती त्याच दिवशी काढायची नाही. बरण्यांवर कापड बांधून रात्रभर ठेवल्या. सकाळी रिकाम्या पोटी, नाक ताजं असताना, प्रत्येकीतले काही थेंब पाण्यात पातळ करून हुंगले, जिभेवर ठेवून थुंकले. बायकोला मदतीला बोलावलं. ती अजिबात पीत नाही, पण मसाल्याच्या वासातून धण्याचं प्रमाण सांगणारी आहे. तिने माझ्या निवडीतली शेवटची बरणी न बोलता बाजूला सरकवली. मी वाद घातला, मग पाण्यात मिसळून पुन्हा हुंगलं, आणि ती बाजूलाच राहिली. शेजारी राहणारे निवृत्त प्लंबर, ज्यांनी मला डाख शिकवला, त्यांनी मात्र नेमकी तीच उचलून ‘ही सगळ्यात चांगली’ म्हटलं. त्यांची चव पन्नास वर्षं जुन्या घरगुती व्हिस्कीवर पोसलेली आहे, त्यामुळे मत नोंदवून घेतलं आणि सोडून दिलं.

पाणी घालणं हा छोटा भाग वाटतो, पण घाई इथेही चालत नाही. एक लिटर सत्तर टक्क्यांची 42वर आणायला सुमारे 690 मिली पाणी लागतं. ते चार-पाच दिवसांत थोडं थोडं घातलं. पंचेचाळिसाच्या आसपास बाटली दुधाळ झाली. अल्कोहोलमध्ये विरघळलेली फळातली तेलं पाणी वाढलं की बाहेर पडतात, त्याचा हा ढगाळपणा. कोळशातून गाळला की स्फटिकासारखं स्वच्छ होतं आणि वासही निम्मा जातो. तसाच ठेवला.

पुढच्या मोसमात तिसरी जुळणी केली, आणि आता तीच कायम आहे. तीस सेंटीमीटरचा एकच कॉलम, आत काहीच नाही, तळाशी तांब्याच्या जाळीची मूठभर गुंडाळी. वर रिफ्लक्स कंडेन्सर, पण तो फक्त सुरुवातीला: अर्धा-पाऊण तास वाफ परत खाली पाठवायची, म्हणजे ते नेलपॉलिशवालं हलकं प्रकरण वर गोळा होऊन थोडक्यात, एकदम निघतं. मग त्याचं पाणी पूर्ण बंद करायचं आणि भट्टीला साध्या टोपासारखं चालू द्यायचं. वाईट माल कमी बरण्यांत आटोपतो आणि फळ येताना वाटेत कुणी अडवत नाही. पन्नास सेंटीमीटरचा कॉलम आणि ते महागडं पॅकिंग फळीवर आहे. वर्षातून एकदा साखरेचं रसायन गाळून त्यात जिनसाठी धणे, लिंबाची साल आणि जुनिपर भिजवायला कामाला येतं, तेवढंच.

बाजूला ठेवलेल्या शेवटच्या बरण्या फेकत नाही. त्या पुढच्या वर्षीच्या पातळ मालात जातात. यंदा त्या धरून पंचवीस लिटर जमले आहेत. साल यावेळी निम्मीच घातली, कारण मागच्या बाटलीत गिळल्यानंतर राहणारा कडवटपणा बायकोला अजून खटकतो, आणि खरं सांगायचं तर मलाही. रस पिंपात शांत झालाय, टोपी खाली बसलीय. शनिवारी वारा नसेल तर टोप चढवीन.